घरटी एक की चूलबंद?

वरवटं दोन आहेत. एक वरवट बकाल, दुसरं वरवट खंडेराव. दोन्ही बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात. पण शेगावच्या बसस्टँडवर कोणी नुसतं ‘वरवट’ म्हटलं, की ऐकणारा बकाल धरून चालतो. शेगाव, संग्रामपूर, तेल्हारा या बाजूंचे रस्ते बकालला येऊन मिळतात, तेव्हा मान त्याचा. खंडेरावकरांना मात्र दर वेळी पूर्ण नाव घ्यावं लागतं, आणि घेतल्यावरही समोरचा विचारतो, “म्हंजे बकालच्या कोन्या बाजूले, भाऊ?”

पिंपळगावांचं तर जिल्ह्यात पेवच फुटलंय. पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोदमध्ये, पिंपळगाव देवी मोताळ्यात आणि पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. ‘पिंपळगावला स्थळ पाहायला चाललो’ एवढंच सांगून निघालेला नवरदेव कोणत्या मांडवात उतरेल, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. जळगावचं आणखी वेगळं. खानदेशातलं जळगाव नुसतं ‘जळगाव’ म्हणून मिरवतं आणि आमच्याकडच्या जळगावाला शेजारच्या जामोदचं नाव जन्मभर मागे लावून फिरावं लागतं.

हे पुराण लावण्याचं कारण असं, की राउटर नावाचं जे यंत्र इंटरनेटचे रस्ते ठरवतं, ते दिवसरात्र हाच उद्योग करतं. त्याच्याकडे पत्त्यांची एक वही असते. एखादा पत्ता आला, की वहीतली जी नोंद त्या पत्त्याशी डावीकडून सर्वांत लांबपर्यंत जुळेल, ती बाजू धरायची. वहीत ‘वरवट’ही असेल आणि ‘वरवट खंडेराव’ही असेल, तर खंडेरावचं पाकीट खंडेरावलाच जाणार, ‘वरवट’ कितीही वजनदार असो. यंत्राला वजन कळत नाही, लांबी कळते. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत नेमकं उलटं असतं, पण तो विषय वेगळा.

टपाल खात्याने हे राउटरच्या आधीच करून ठेवलं होतं. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला तो याच दुखण्यावरचा इलाज म्हणून: एकसारखी गावं, अर्धवट पत्ते आणि नाना लिप्यांतली नाना अक्षरं. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले बडे अधिकारी, आणि त्याशिवाय संस्कृत कवी आणि नाटककार. एका माणसाने आयुष्यभर देववाणीत रचना करावी आणि देशाने रोज उठून त्याचे सहा आकडे गिरवावेत, हा विनोद माझ्या कुवतीबाहेरचा आहे.

पिनकोड डावीकडून वाचायचा. पहिला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४४ म्हटलं की विदर्भात शिरलात. पहिले तीन आकडे टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, पुढचे तीन पोस्टाचे. जितके जास्त आकडे जुळले तितकं गाव जवळ. एसटीडीची तीच तऱ्हा: मुंबईला ०२२, अकोल्याला ०७२४, खामगावला ०७२६३. शहर जेवढं मोठं तेवढा कोड आखूड. पुढे डोंगराएवढे टेलिफोन सामावायचे, मग मागचं शेपूट लहान ठेवणं भाग. इंटरनेटच्या पत्त्यात तिरक्या रेघेनंतर जो आकडा असतो (/८, /१६, /२४), तो हेच सांगतो. डावीकडचे किती अंश पक्के आणि बाकीची जागा किती मोकळी, याचा तो हिशोब. /८ म्हणजे मुंबई, /२४ म्हणजे एखादी आळी.

आता खरी गंमत. एखाद्या कारकुनाला सांगून पाहा, ‘बुलढाणा जिल्ह्याची सगळी पत्रं वेगळी काढ, बाकीची परत पाठव.’ कारकून हुशार. तो बघतो, बुलढाणा ४४३००१, मलकापूर ४४३१०१, चिखली ४४३२०१, मेहकर ४४३३०१. झालं की काम! ‘४४३ने सुरू होणारं सगळं घ्या’ अशी एका ओळीची यादी भिंतीला चिकटवून तो चहाला जातो.

तो चहा पिऊन येईपर्यंत खामगाव जिल्ह्याबाहेर गेलेलं असतं. खामगाव ४४४३०३. शेगाव ४४४२०३, तेही गेलं. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाण्यातून काढून टाकणाऱ्या कारकुनाचं पुढे काय होईल, ते मी लिहीत नाही. आमचं संग्रामपूर ४४४२०२. त्याच्यासोबत वरवटही गेलं, दोन्हीच्या दोन्ही. शेजारच्या जळगाव जामोदचा पिन ४४३४०२, म्हणून ते मात्र आत. विधानसभेला संग्रामपूर आणि जळगाव जामोद एकाच मतदारसंघात, सोयरिकी एकमेकांत, आणि टपालाच्या दप्तरात मधे एवढी भिंत.

कारकून घाबरून यादीत दुसरी ओळ टाकतो: ‘४४४ने सुरू होणारंही घ्या.’ लगेच अकोला, अमरावती, वाशिम आपापली बोचकी घेऊन दारात हजर. कारण तेही ४४४च. मग मुकाट्याने लिहावं लागतं: ४४३ची सगळी पोस्टं, आणि ४४४पैकी फक्त ही, ही आणि ही, एकेक नाव घेऊन, पूर्ण सहा आकड्यांनिशी. अशी जी यादी लिहिली जाते, तिलाच नेटवर्कवाले प्रिफिक्स-लिस्ट म्हणतात. पहिल्या ओळीत ‘इथपासून सुरू होणारं काहीही’, पुढच्या ओळींत ‘नेमकं एवढंच’. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात, हीच तिची करामत.

तिच्या आधी हे काम ॲक्सेस-लिस्ट करायची. बिचारीचा मूळ पेशा दारावरच्या चौकीदाराचा: येणारंजाणारं पाकीट कुठून आलं, कुठे चाललं ते पाहायचं आणि सोडायचं किंवा अडवायचं. पुढे कोणाच्या तरी मनात आलं, की अनायासे बसलाच आहे तर रस्त्यांच्या वहीतल्या नोंदीही यालाच तपासू द्याव्या. सरकारी शाळेतल्या गुरुजींना जनगणना देतात, त्यातलाच प्रकार. चौकीदाराने मान डोलावली, पण तो तपासणार काय? पत्ता कुठून सुरू होतो एवढंच. तो किती लांब, हे विचारायची त्याला सवयच नाही.

आता आमच्याकडच्या लग्नाच्या आवतनावर येतो, कारण हा मुद्दा मला त्याच्याशिवाय कोणालाच समजावून सांगता आलेला नाही. आवतन दोन जातींचं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकाने यायचं, बहुधा कर्त्याने. आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही; आजीपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांनी पंगतीला. कोणत्या घरी कोणतं आवतन गेलंय, हे वधूपित्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. भाताचा अंदाज त्यावर असतो, आणि पुढच्या वीस वर्षांचे संबंधही.

ॲक्सेस-लिस्टने आवतन धाडलं की ती फक्त म्हणते, ‘अमक्या वाड्यातले या.’ १०.४४.०.० ही नोंद आली. घरचा कर्ता /१६ आला काय, त्याचा मुलगा /२० आला काय, की पणतू /३० आला काय, सगळ्यांचा पत्ता त्याच वाड्यापासून सुरू होतो, सगळे आत. वधूपित्याच्या मनात कर्ता एकटाच होता. पंगतीत चाळीस पानं बसली. राउटरच्या बाबतीत ती चाळीसची चारशे होतात, वहीची पानं संपतात आणि यंत्र जेवणाआधीच आडवं होतं.

प्रिफिक्स-लिस्ट विचारून घेते. १०.४४.०.०/१६ एवढंच लिहिलं तर घरटी एक: नेमका तो /१६, दुसरा कोणी नाही. पुढे ‘एलई २४’ (लांबी जास्तीत जास्त २४) जोडलं तर कर्त्यापासून नातवंडांपर्यंत सगळे, पणतू घरी. ‘जीई २४ एलई २४’ (कमीत कमीही २४, जास्तीत जास्तही २४) लिहिलं तर म्हातारे नकोत, पोरं नकोत, नुसती नातवंडं पाठवा. असं आवतन मी लग्नात पाहिलेलं नाही, पण वाढदिवसाला पाहिलंय. ‘एलई ३२’ म्हणजे चूलबंद. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ताच ३२ अंशांचा, त्याच्यापुढे कोणी जन्मलेलं नाही.

आणि ०.०.०.०/० एलई ३२ हे गावजेवण. डावीकडचं काही म्हणजे काही पाहायचं नाही, लांबी कितीही चालेल, या बसा. नवशिके ‘एलई ३२’ विसरून नुसतं ०.०.०.०/० लिहितात आणि समजतात आपण गावाला बोलावलं. प्रत्यक्षात येतो एकच माणूस: डिफॉल्ट रूट. पारावर बसून ‘मले नाई मालूम, पुढं इचारा’ असं सगळ्यांना सांगणारा जो असतो, तो. गावजेवणाचा स्वयंपाक तयार, आणि पानावर तो एकटा. तोही पुढे विचारायला सांगतो.

ॲक्सेस-लिस्टच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर एकतर्फी होईल. तिला एक कसब येतं जे प्रिफिक्स-लिस्टला साधत नाही. तिच्याबरोबर वाइल्डकार्ड मास्क नावाचा उलटा चष्मा असतो. पत्त्याचा किती भाग पाहायचा ते सांगणाऱ्या नेहमीच्या मास्कमध्ये २५५ म्हणजे ‘नीट बघ’. वाइल्डकार्डमध्ये २५५ म्हणजे ‘बघूच नको’, आणि शून्य म्हणजे ‘नीट बघ’. एकाच इंजिनिअरने एकाच सकाळी दोन्ही चष्मे आलटून पालटून लावायचे आणि वर हसतमुख राहायचं. पण या चष्म्यातून २५५ऐवजी २५४ लिहिलं, की फक्त सम आकड्यांची जाळी निवडता येतात. २०१६च्या जानेवारीत दिल्लीने सम-विषम नंबरांच्या गाड्या आळीपाळीने रस्त्यावर आणल्या, तेव्हा देशभरातल्या नेटवर्कवाल्यांना आपलं काहीतरी ओळखीचं वाटलं असणार. या कसबाचा उपयोग प्रत्यक्षात करणारा माणूस मला भेटायचाय. परीक्षेत मात्र ते हमखास विचारतात.

शिवाय तिचं एक थोरलं भावंड आहे, एक्स्टेंडेड ॲक्सेस-लिस्ट. त्यात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन रकाने. चौकीदारीत त्यांचा अर्थ सरळ. पण बीजीपीच्या, म्हणजे मोठमोठी जाळी एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलच्या, रस्त्यांना ही यादी लावली, की ‘कुठून’च्या रकान्यात पत्ता धरायचा आणि ‘कुठे’च्या रकान्यात मास्क. म्हणजे लांबी तपासता येते, पण रकाना दुसऱ्याच्या नावाचा. हीच यादी ईआयजीआरपीसारख्या घरगुती प्रोटोकॉलला लावली, तर ‘कुठून’ म्हणजे ही बातमी सांगणारा शेजारी आणि ‘कुठे’ म्हणजे पत्ता. ओळ तीच, अक्षर तेच, माहेरी एक अर्थ आणि सासरी दुसरा. हे ज्याने प्रथम योजलं त्याला दंडवत. समोर मात्र येऊ नये.

लांबी न विचारण्याची किंमत जगाने एकदा भरघोस मोजली. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तानने यूट्यूब बंद करायचं ठरवलं. पाकिस्तान टेलिकॉमने साधी युक्ती केली: ‘यूट्यूबचा रस्ता इकडे आहे’ अशी आपल्या घरात खोटी पाटी लावली, की लोक तिकडे जातील आणि खड्ड्यात पडतील. यूट्यूब स्वतःची ओळख २०८.६५.१५२.०/२२ अशी सांगायचं, म्हणजे १,०२४ पत्त्यांचा वाडा. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच एका खोलीची पाटी लावली, २०८.६५.१५३.०/२४, पत्ते २५६. पाटी घरातच राहायची होती. ती गेली अंगणाबाहेर, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे, आणि पीसीसीडब्ल्यूने गिऱ्हाइकाने दिलेली पाटी न वाचता जगाच्या चौकात ठोकली. मग काय व्हायचं? /२२ आणि /२४ यांत जास्त लांब कोण? /२४. जगभरचे राउटर इमानेइतबारे पाकिस्तानकडे धावले. मांजराची चित्रफीत बघणारा ब्राझीलचा माणूस इस्लामाबादच्या खड्ड्यात.

यूट्यूबने सुमारे ऐंशी मिनिटांनी स्वतःचीही /२४ची पाटी लावली. बरोबरी झाली, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मग /२५च्या दोन पाट्या लावल्या, आणखी लांब. हा लिलाव असा कुठवर चालला असता कोण जाणे. पण इंटरनेटवर /२४पेक्षा लांब पाट्या बरेच जण दारातच परत पाठवतात, ‘एलई २४’ लिहून. शेवटी सुमारे सव्वादोन तासांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमच्या पाट्या उतरवल्या. एवढ्या उलाढालीला पुरला असता तो उपाय एका यादीचा: या गिऱ्हाइकाची जाळी ही, एवढीच, या लांबीची, बाकी काही घ्यायचं नाही.

तेव्हा आपण शेजाऱ्याला हसून घेतलं. १६ एप्रिल २०२१ला व्होडाफोन आयडियाच्या भारतातल्या जाळ्याने स्वतःच्या नसलेल्या तीस हजारांहून जास्त पाट्या आपल्या म्हणून जगाला सांगितल्या. शेजारी तेव्हा हसला की नाही, याची नोंद नाही.

एवढ्या मोठ्या गोष्टींचा वरवटशी काय संबंध, असं पारावरच्या कोणी विचारावं. संबंध ‘लिंक नाही’ एवढाच. बँकेत, सेतू केंद्रात, सातबाऱ्याच्या खिडकीत काच असते, काचेमागे खुर्ची असते, खुर्चीवर माणूस असतो आणि माणसाच्या तोंडी ‘लिंक नाही’ असतं. ती कधी तार तुटून गेलेली असते, कधी वीज जाऊन. पण अधूनमधून ती लांब कुठल्याशा शहरात, एका यादीच्या एका ओळीत गेलेली असते. तालुक्याला नवीन जाळं दिलेलं, यादीत ते चढवायचं राहिलेलं. आणि या याद्यांचा एक अलिखित नियम आहे: शेवटी न दिसणारी एक ओळ असते, ‘बाकी सगळ्यांना नाही.’ ती कोणी लिहीत नाही, कोणाला दिसत नाही, आणि तिच्याइतकी काटेकोर अंमलबजावणी देशात दुसऱ्या कोणत्याही कायद्याची होत नाही.

यादी वरून खाली वाचतात आणि पहिली जुळलेली ओळ हाच निकाल. इथे वहीचा ‘जास्त लांब तो खरा’ हा नियम चालत नाही, आधी आला तो खरा. पहिल्या ओळीत अख्ख्या घराला चूलबंद दिलं आणि चौथ्या ओळीत ‘धाकट्या जावयाला नको’ लिहिलं, तर उपयोग शून्य. जावई केव्हाच पानावर बसून दुसरा लाडू खातोय. म्हणून प्रिफिक्स-लिस्टमध्ये ओळींना ५, १०, १५ असे सुटे नंबर देतात, मागाहून रुसलेल्यांना मधे घुसवता यावं. ७ नंबरची ओळ दिसली की समजावं, मागून कोणाचा तरी फोन आला होता.

जुन्या ॲक्सेस-लिस्टमध्ये तीही सोय नव्हती. दहा ओळींतली एक काढायची म्हणून ‘नो’ लावून ती ओळ टाइप केली, की दहाच्या दहा ओळी गायब. जावयाचं नाव खोडायला गेलात आणि लग्नाची यादीच जळाली. त्याहून कहर रिकाम्या यादीचा. राउटर बनवणाऱ्या सिस्कोच्या आयओएस या प्रणालीत बीजीपीच्या शेजाऱ्याला नसलेल्या प्रिफिक्स-लिस्टचं नाव लावलं, तर सगळ्यांना आत घेतात. यादी नाही म्हणजे गावजेवण. आता त्याच यादीत अडवण्याची एकच ओळ भरा: ‘अमक्याला नको.’ तत्क्षणी ती अदृश्य ओळ जागी होते आणि अमक्याबरोबर अख्खं गाव बाहेर. एकाला नको म्हटल्यावर सगळ्यांनाच नको. भाऊबंदकीतलं हे गणित यंत्राला कोणी शिकवलं, त्याचा छडा लागत नाही.

यामुळे झालंय काय, की चालू यादीला हात लावायला कोणी धजत नाही. कोणत्याही मोठ्या जाळ्याच्या राउटरवर एक फेरी मारा. ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘न्यू-२’, ‘फायनल’, ‘फायनल-न्यू’ आणि ‘तात्पुरती’ अशा नावांच्या याद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदताना दिसतील. ‘फायनल’ कधीच वापरात नसते. चालते ती ‘तात्पुरती’. नवा मुलगा येतो, ताज्या डिग्रीच्या उत्साहात म्हणतो, “सर, ही ‘तात्पुरती’ काढून टाकू का? हिच्यातली ३५ नंबरची ओळ तर कशालाच जुळत नाही.”

सर खुर्ची मागे सरकवतात. “हात नको लावू, राजा. कोन्ं लिहिली मालूम नाई, काहून लिहिली मालूम नाई. मागच्या टायमाले काढली, तं खामगाव बंद पडलं.”